पाच रुपयांच्या पाकिटात स्मृती मानधना

वाचकांचे प्रश्न, टपाल-मावशीची उत्तरं

एरवी या पानावर बचत खातं, वारसनोंद आणि हरवलेलं पासबुक यांचं राज्य असतं. या महिन्यात मात्र पोरांनी धुमाकूळ घातला. क्रिकेटपटूंची कार्डं, पोकेमॉनची कार्डं, कुस्तीगिरांची कार्डं, सगळ्यांना कुणाशी तरी अदलाबदल करायची आहे आणि सगळ्यांची अडचण एकच: पाठवायचा खर्च कार्डापेक्षा जास्त. तेव्हा हा अंक त्यांचा. मोठ्यांनी जरा दम धरावा.

मावशी, मी विट्याचा, सातवीत आहे. माझ्याकडे स्मृती मानधनाची दोन कार्डं झाली आहेत. एक नागपूरच्या मित्राला द्यायचंय, तो मला बुमराह देणार आहे. कार्ड साठ रुपयांचं आणि कुरिअरवाला ऐंशी मागतो. अमेरिकेतल्या एका व्हिडिओत कडक प्लॅस्टिकमध्ये घालून साध्या पांढऱ्या पाकिटातून पाठवलेलं बघितलं. आपल्याकडे चालेल का? कोपरे दुमडले तर कार्डाला कोण विचारत नाही.

चालेल की. पाच रुपयांचं तिकीट लाव आणि पाठव. वीस ग्रॅमपर्यंतचं पत्र भारतात कुठंही पाच रुपयांत जातं, विट्याहून भिवघाटला काय आणि नागपूरला काय. पण तो व्हिडिओ जसाच्या तसा उचलू नकोस. त्यांची काळजी वेगळी, आपली वेगळी.

तिकडं पत्रं यंत्रातून पळतात. पट्ट्यांमधून, चाकांमधून. म्हणून त्यांच्या टपालखात्याचा नियम असा की पत्राची जाडी पाव इंचाच्या वर नको, आणि पाकीट वाकत नसेल तर जादा आकार. आपल्याकडेही मोठ्या शहरांत यंत्रं आहेत, पण तुझं पाकीट विट्यात पेटीत पडल्यापासून मित्राच्या दारात पोचेपर्यंत बहुतेक वाट माणसांच्या हातातून जाते. आणि माणसाच्या हातात काय असतं? शिक्का असतो.

तारखेचा शिक्का धातूचा असतो बाळा. समोर पाकिटांची चळत, एका हाताने पाकीट सरकवायचं, दुसऱ्या हाताने दणका. गाडी सुटायच्या आत थैली बंद करायची असते, त्यामुळे कोणत्या पाकिटात काय आहे ते चाचपायला वेळ कुणाला? मी काउंटरच्या आतल्या बाजूला नोकरी काढली, त्यामुळे सांगते: साध्या पाकिटातल्या कार्डाला चोरापेक्षा शिक्क्याची भीती जास्त. राखीपौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात तर आतल्या मण्यांचा चुरा झालेला नुसत्या आवाजावरून कळायचा.

म्हणून पहिली गोष्ट जागेची. तिकीट वरच्या उजव्या कोपऱ्यात, म्हणजे दणका तिथंच बसणार. कार्ड डाव्या अर्ध्या भागात ठेव, आडवं. नऊ बाय चारचं पाकीट घे. कार्ड अडीच बाय साडेतीन इंचाचं असतं, त्यामुळे डावीकडे ऐसपैस बसतं आणि पत्ता लिहायला उजवी बाजू मोकळी राहते. जिथं पोचतं तिथल्या ऑफिसचा शिक्का कधी पाकिटाच्या मागेही पडतो, म्हणून कार्डाला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा हवा.

पुठ्ठा विकत आणू नकोस. घरात गेल्या हंगामातल्या लग्नपत्रिका असतीलच. जाड पत्रिकेचा कागद या कामाला फार उत्तम: ताठ असतो, तरी थोडा वाकतो, आणि फुकट असतो. फक्त ज्यावर चमकी किंवा उठावाचा गणपती आहे तो भाग घेऊ नकोस. ती नक्षी कार्डावर उमटते. कार्डापेक्षा चारही बाजूंनी पाव इंच मोठे असे दोन तुकडे काप. कार्ड आधी पातळ प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये, मग दोन तुकड्यांच्या मध्ये, मग कडांना मास्किंग टेप. तोच, रंगारी लोक वापरतात तो पिवळट कागदी टेप. चकचकीत सेलोटेप उन्हाने पाघळतो, आणि मित्राने ओढून काढताना कार्डही बरोबर येतं. टेपचं एक टोक दुमडून ठेवलंस तर त्याला नखाने खरवडावं लागणार नाही. स्लीव्हचं तोंड आणि टेप एका बाजूला येऊ देऊ नकोस.

आता हा जोड पाकिटात तसाच टाकलास तर तो आत घरंगळत बसणार, आणि पाकिटाचा खालचा कोपरा फाडून बाहेर डोकावणार. एका साध्या कागदावर मित्राला चार ओळी लिही, त्याच कागदाच्या घडीत हा जोड टेपने चिकटव आणि घडी पाकिटाच्या मापाची कर. चिठ्ठीची चिठ्ठी झाली. पाकीट बंद केल्यावर कानाशी हलव. आवाज आला तर उघड आणि पुन्हा कर.

कडक प्लॅस्टिकचं कव्हर, ज्याला तुम्ही टॉपलोडर म्हणता, ते साठ रुपयांच्या कार्डाला मी घालणार नाही. एक तर ते सहा-सात ग्रॅम खातं. दुसरं म्हणजे आपला पोस्टमन. दाराला कुलूप असेल तर तो पाकीट कडीत अडकवतो किंवा पेटीच्या फटीतून कोंबतो. पाकीट थोडं वाकलं तर निभावतं. दगडासारखं असेल तर तो जोर लावतो, आणि मग कडक प्लॅस्टिकची कडाच पाकीट फाडते.

वजनाचा हिशेब सांगते. कार्ड पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, स्लीव्ह अर्धा, पाकीट साडेचार, पत्रिकेचे दोन तुकडे मिळून पाच, चिठ्ठी चार-पाच. सोळा-सतरात बसतं. एकदा काट्यावर बघून घे. तू विट्याचा, गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांच्या गावचा. ग्रॅमचा काटा शोधायला तुला लांब जायला नको.

आणि पेटीत टाकण्यापेक्षा काउंटरवर दे. "आत कार्ड आहे, शिक्का जरा कडेला मारा," म्हणालास तर कुणी नाही म्हणत नाही. फार तर हसतील.

जाता जाता: स्मृती आपल्या सांगलीजवळच्या माधवनगरची, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकलेला. अशा वेळी तिच्या बदल्यात नुसता बुमराह? अजून काहीतरी माग.

घरात लग्नात उरलेली आहेराची पाकिटं खूप आहेत. ती छोटी आणि जाड आहेत. कार्ड बरोबर बसतं. वापरू का? (तासगाव)

नको गं. एक तर त्यावर रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं. नाणं लागणारं पाकीट हाताला पैशाचं पाकीट वाटतं, आणि मोह सगळ्यांनाच असतो. नाणं काढलंस तरी सोनेरी छपाईवर पत्ता दिसत नाही, शाई पुसली जाते, आणि कार्ड नेमकं तिकिटाखाली येतं. पाकीट जितकं बावळट दिसेल तितकं बरं. विजेचं बिल आल्यासारखं दिसलं पाहिजे.

माझ्या मुलाला पुण्याहून मित्राने कार्डं पाठवली. पाकिटावर पाच रुपयांचं तिकीट होतं, तरी पोस्टमनने दहा रुपये घेतल्याशिवाय पाकीट दिलं नाही. हे कायदेशीर आहे का? (शाहूपुरी, सातारा)

कायदेशीर आहे ताई. जुन्या माणसांना विचारा, ते याला 'नॉटपेड' म्हणतील. पाकीट वीस ग्रॅमच्या वर गेलं की पुढच्या प्रत्येक वीस ग्रॅमला किंवा त्याच्या भागाला आणखी पाच रुपये. तुमचं पाकीट बावीस-चोवीस ग्रॅमचं असणार. म्हणजे दहाचं तिकीट हवं होतं, पाच कमी पडले, आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल होते. पाठवणाऱ्याची काटकसर अशी तुमच्या खिशातून जाते. मुलाला सांगा, पुढच्या वेळी मित्राकडून एक कार्ड जास्तीचं घे.

तीन कार्डांच्या पुढे गेलं की हे हमखास होतं. तीन कार्डं प्रत्येकी वेगळ्या स्लीव्हमध्ये, एकावर एक, जाडी एका मिलिमीटरच्या आसपास, आणि चिठ्ठी अर्ध्याच कागदाची, इतपत ठीक. त्याहून जास्त असतील तर सरळ दहाचं तिकीट लावावं किंवा दोन पाकिटं करावीत. मी दोन पाकिटं करीन. एक गहाळ झालं तरी दुसरं राहतं.

माझी नात दिवसभर हीच कार्डं मांडून बसते. पत्राने माणसांची खुशाली कळवायची की असली चित्रं पाठवायची? तुमच्यासारख्या जबाबदार बाईंनी हा पोरखेळ वाढवावा याचं आश्चर्य वाटतं. (मिरज)

आजोबा, तुमचा राग डोक्यावर. पण पोस्टात आम्ही खुशालीपेक्षा जास्त चित्रंच वाहिली. स्थळासाठी पाठवलेले मुलींचे फोटो आठवतात का? दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, वर लाल शाईने "फोटो आहे, दुमडू नये". एकेक फोटो पाच-सहा घरं फिरून परत यायचा आणि तरी त्याचे कोपरे शाबूत असायचे, कारण मुलीच्या आईने ते पाकीट जीव लावून बांधलेलं असायचं. मी या मुलांना जे सांगते आहे ते त्या आयांकडून शिकलेलं आहे. फरक इतकाच की कार्ड नापसंत होऊन परत आलं तर घरात कुणी रडत नाही.

आणि चित्रांच्या कार्डाची मूळ कथा तुम्हाला आवडेल. १८८० च्या सुमाराला अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी मऊ कागदी पुड्यांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालायला सुरुवात केली, आतल्या सिगारेटी चेपू नयेत म्हणून. तुकडा कोरा कशाला, म्हणून त्यावर चित्र छापलं: नट्या, बेसबॉलपटू. लोक सिगारेट ओढून चित्र जपायला लागले. म्हणजे आज ज्या कार्डाला वाचवायला आपण पुठ्ठा शोधतोय, ते एके काळी स्वतःच पुठ्ठा होतं! १९५७ साली टॉप्स नावाच्या कंपनीने अडीच बाय साडेतीन इंच हे माप धरलं आणि ते अजून चालू आहे. त्याच कंपनीचं १९५२ चं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. ते कुणी पाच रुपयांच्या पाकिटातून पाठवलं नसेल एवढं नक्की.

नातीला एकदा विचारा, विजय हजारे माहीत आहेत का. सांगलीत जन्मलेले, १९४८ साली ॲडलेडला एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत ११६ आणि १४५ करणारे. भारताने पहिली कसोटी जिंकली, १९५२ ला मद्रासला, तेव्हाचे कर्णधार तेच. तुम्ही सांगायला बसलात तर ती कार्डं बाजूला ठेवून ऐकेल. किंवा त्यांचं कार्ड मागेल.

मी कराडला कॉलेजात आहे. थोडी कार्डं विकतो. दोघा जणांनी "पाकीट आलंच नाही" म्हणून पैसे परत मागितले. पाकिटं माझ्याकडे परतही आली नाहीत. साध्या टपालाचा काही पुरावा मिळतो का?

नाही. साधं पत्र कुठं पोचलं याची नोंदच होत नसते, त्यामुळे शोधायला नंबर नाही आणि हरवलं तर भरपाई नाही. तुझे दोघेही खरं बोलत असतील, किंवा एकही नसेल. ते ठरवायचं साधन साध्या पाकिटात नाही, आणि म्हणूनच ते पाच रुपयांत जातं.

ज्याची सवय होती ते रजिस्टर १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं. १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे दर असे: पन्नास ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये, बाहेर कुठंही ४७. वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे बाहेरगावी साडेपंचावन्न. ज्याच्या नावाचं आहे त्याच्याच हातात पडावं असं वाटत असेल तर नोंदणीचे ५ रुपये आणि त्यावर कर. ओटीपी सांगितल्यावरच द्यावं असं हवं असेल तरी तेवढेच. विद्यार्थ्यांना दरात दहा टक्के सवलत आहे, ओळखपत्र घेऊन जा आणि मागून घे. न मागता कोण देतं?

आता कुठलं कार्ड कशातून जावं? माझा हिशेब असा. शंभराच्या आतलं असेल तर साधं पाकीट, आणि घेणाऱ्याला आधीच लिहून कळवायचं की हरवलं तर हरवलं. तीनशेच्या वर असेल तर स्पीड पोस्टच, आणि खर्च घेणाऱ्याकडून आधी घ्यायचा. मधल्यांचं माणूस बघून ठरव. ज्याच्याशी पहिल्यांदाच व्यवहार आहे त्याला साध्या पाकिटाचा पर्याय दाखवूच नकोस. आणि पाकीट बंद करण्याआधी कार्डाचे चारही कोपरे दिसतील असा फोटो, मग पत्त्यासकट पाकिटाचा फोटो काढून दोन्ही त्याला पाठव. पुरावा म्हणून त्याला फार किंमत नाही, पण फोटो आलेला माणूस "आलंच नाही" म्हणायला जरा कचरतो.

तुझी दोन पाकिटं परतही आली नाहीत म्हणतोस, तर एक विचारते: मागे स्वतःचा पत्ता लिहिला होतास का? पत्ता सापडला नाही की पत्र पाठवणाऱ्याकडे परत येतं. 'प्रेषक' कोरं असेल तर ते आर.एल.ओ.त, म्हणजे बेवारशी पत्रांच्या ऑफिसात जाऊन पडतं. पिन कोड तर हवाच. सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखला. संस्कृतात नाटकं लिहिणारा हा माणूस टपालखात्यात अधिकारी होता. देशात गावांची नावं सारखी आणि अक्षरं भयंकर, म्हणून हा खटाटोप. तरी लोक आजही '४१६४१६' लिहायचा कंटाळा करून नुसतं 'सांगली' लिहितात. कार्ड महाराष्ट्राबाहेर जाणार असेल तर पत्ता इंग्रजीत लिही. चेन्नईच्या पोस्टमनने तुझं मराठी का वाचावं?

पाटणला पावसाळ्यात चार महिने घरातला पापडसुद्धा सादळतो. माझी चमकणारी पोकेमॉन कार्डं धनुष्यासारखी वाकली आहेत. अशी पाठवली तर मित्र घेईल का?

वाकायचं कारण असं: कार्ड कागदाचं, आणि चमक म्हणजे त्यावरचा फॉइलचा पातळ थर. कागद दमट हवेतलं पाणी पितो आणि फुगतो, फॉइल पीत नाही. एक बाजू वाढली, दुसरी नाही, की कार्ड वाकणार. इस्त्री फिरवू नकोस! झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून, वर जाड वह्या ठेवून थोडे दिवस राहू दे. बुटांच्या खोक्यात मिळतात त्याच पुड्या. बरंचसं सरळ होतं.

पाठवताना पुठ्ठ्याचा जोड झिपच्या छोट्या पिशवीत घाल आणि हवा दाबून काढ. स्लीव्ह मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकची नको. ओळखपत्राची ती जाड मऊ पाऊचं असतात ना, त्यातलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि छपाईला चिकटतं. कडकडीत, कुरकुर वाजणारी पारदर्शक पिशवी असते ती पॉलिप्रॉपिलीनची, ती चांगली. पोस्टातला डिंक तिकिटापुरताच वापर. पाकिटाच्या झाकणाला थापलास तर दमट हवेत तो आत उतरतो आणि चिठ्ठी, पिशवी, पाकीट सगळं एकजीव होतं. झाकणाला घरची ग्लूस्टिक बरी. पत्ता बॉलपेनने लिही, शाईच्या पेनाने नको.

जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्यावरच्या लाल पेटीवर विसंबू नये. थेट ऑफिसात नेऊन दे.

माझ्या वडिलांनी माझं सगळ्यात चांगलं कार्ड जपण्यासाठी लॅमिनेशन करून आणलं. आता ते पाठवायला मजबूत झालंय ना? (कवठेमहांकाळ)

मजबूत झालं, पण आता ते कुणी घेणार नाही. गरम प्लॅस्टिक कायमचं चिकटतं, सोलायला गेलास तर वरचा थर निघून येईल. स्वतःकडेच ठेव. वडिलांना बोलू नकोस, त्यांनी प्रेमानेच केलंय. उरलेल्यांवर मात्र नजर ठेव.

जत्रेतून सोनेरी पोकेमॉन कार्डांचा अख्खा डबा आणला. मित्र म्हणतात खोटी आहेत. एखादं विकता येईल का? (औंध)

मित्र बरोबर आहेत. ती प्लॅस्टिकची सोनेरी कार्डं नकली असतात. अस्सल पोकेमॉन कार्ड कागदाचं, आणि त्याच्या पोटात काळपट रंगाचा पातळ थर असतो. कड नीट बघितली तर रेघेसारखा दिसतो. खेळायला सोनेरी ठेव, खरी म्हणून विकू नकोस. पाठवायचीच असतील तर हवी तशी पाठव, त्या प्लॅस्टिकला शिक्का काय करणार!

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याला अशाच साध्या पाकिटातून पाच-सहा कार्डं पाठवता येतील का? (विश्रामबाग, सांगली)

नाही पाठवता येणार. देशाबाहेर जाताना पत्र वेगळं आणि वस्तू वेगळी. साध्या पत्रात कागदपत्रं चालतात. कार्ड कस्टम्सच्या लेखी वस्तू आहे, त्यामुळे सीएन २२ हा फॉर्म भरून आत काय आहे आणि किती किमतीचं आहे ते जाहीर करावं लागतं. त्यातून अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टअखेर आठशे डॉलरपर्यंतची करमाफी काढून टाकली. त्या गोंधळात आपल्या टपालखात्याने तिकडची बुकिंग बंद केली होती, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. आता वस्तू पाठवायची तर तिच्यावर शुल्क लागू शकतं.

भाच्याने तिकडून तिकडेच कुणाला पाठवायची तर त्यांची सोय चांगली आहे. ईबे या ऑनलाइन बाजाराने २०२१ पासून स्वस्त कार्डांसाठी माग काढता येणारं साधं पाकीट सुरू केलंय. आपल्याकडून मात्र कुणी येणारं-जाणारं असेल तर त्याच्या हातबॅगेत द्या, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून. भडंगाच्या पिशवीशेजारी ठेवू नका, तेल लागतं.